टाकी परत करणार नाही

९ जुलै, मंगळवार

चि. लेकीस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले त्याबद्दल आधीच माफी मागून टाकतो, कारण यापुढे या पत्रात कशाचीही माफी मागायचा माझा विचार नाही. आजारी नव्हतो. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. पाचवी शिकलेल्या माणसाला रागात लिहिता येत नाही, अक्षर रेघ सोडून पळतं. आता राग निवला आहे. मत तेच आहे.

तू चार ओळी लिहिल्यास. टाकी दुकानदाराला परत करा. मासा हा काही लहान मुलीचा सोबती होऊ शकत नाही. तुमच्याने ते निभणार नाही, आणि मासे मेले की तिला काय सांगाल? निभत नसेल तर मावशीकडे तिची सोय करते.

पोटच्या पोरीने बापाला लिहावं तसं हे पत्र नाही. साहेबाने शिपायाला लिहावं तसं आहे. असो.

भिंगरीला कुत्रा हवा होता हे तुला माहीत आहे. कुत्रा नको हे मी तुझ्याआधी म्हणालो होतो. तीन जिने आहेत, माझे गुडघे आहेत, खाली घरमालक आहे. शिवाय तिची छाती घरघरते आणि केसाळ काही घरात नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, म्हणजे मांजरही गेलं, ससाही गेला. मग राहिलं काय? तुझं म्हणणं, वर्षभर काहीच नको. अगं, त्या पोरीचा बाप नांदला नाही. आई वर्षभराच्या शिक्षणाला गेली, तिथल्या वसतिगृहात मुलं चालत नाहीत. सोबतीला राहिला एक बहिरा म्हातारा, ज्याला हाक मारायची तर पुढे येऊन हात हलवावे लागतात. या घरात दुसरं काहीतरी हलतं-डुलतं असावं असं तिला वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

तुझा पहिला मुद्दा, माशाला जवळ घेता येत नाही. मान्य. तो शेपटी हलवत दाराशी येत नाही, मांडीवर बसत नाही. पण तू असताना भिंगरीला सकाळी उठवणं म्हणजे काय असायचं ते आठव. पांघरूण ओढायचं, पाणी शिंपडायचं, शेवटी तू रडवेली आणि ती रडवेली. आता ती सव्वासहाला आपली आपण उठते, कारण टाकीचा दिवा लावणं हे तिचं काम आहे. एकदा चुकून मी लावला, तर शाळेत जाईपर्यंत अबोला.

पाच मासे आहेत. नारिंगी, बोटाच्या पेराएवढे. गोल भांड्यात मासे ठेवायचे नाहीत, त्यांचा जीव घुसमटतो, असं दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन फुटी टाकी घेतली आणि ती तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली. मशीन पलंगाखाली आहे, नीट गुंडाळून. एका माशाच्या शेपटीला खाच आहे. तो कोपरा धरून बसतो आणि जो येईल त्याला हाकलतो, म्हणून त्याचं नाव घरमालक. एकीचं नाव वर्गबाई, एकाचं कंपाउंडर. एकाला अजून नाव नाही. सगळ्यात लहान ती बारकी.

आणि एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो. पूर्वी भिंगरी शाळेतून आली की माझ्याशी बोलायची नाही. मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचतो, आणि मुलं मान खाली घालून बोलतात. आता ती टाकीच्या पलीकडे बसते आणि मी अलीकडे. मासे बघायचे म्हणून तिची मान वर असते. पाण्यातून मला तिचे ओठ दिसतात. मधूनच एखादा मासा आडवा येतो आणि अर्धं वाक्य जातं, पण बाकीचं सगळं कळतं. तिच्या बाकावरच्या मुलीने तिचा डबा लपवला, हे मला असंच कळलं.

दुसरा मुद्दा, माझ्याने निभणार नाही. बाई गं, चौतीस वर्षं मी या शहराला पाणी पाजलं. जलशुद्धीकरणात क्लोरीन सोडायचं काम माझ्या हाताखाली होतं. माझ्या पाळीत एकदाही पाण्याची तक्रार आली नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशाला चालत नाही, म्हणून मी दोन बादल्या दोन दिवस उघड्या ठेवतो आणि मगच वापरतो. आठवड्याला पावभाग पाणी बदलतो, तेही मगाने, कंबर न वाकवता. बाकी काहीही शिकव, पण पाण्याचं मला शिकवू नकोस.

मेले तर काय सांगाल, याबद्दल नंतर लिहीन. अजून कोणी मेलेलं नाही.

टाकी परत करणार नाही.

तुझा,
बाबा


२२ जुलै, सोमवार

चि. लेकीस,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. मावशी ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी येऊन घर बघणार आणि भिंगरीला ठेवायचं की न्यायचं ते तुला कळवणार. म्हणजे माझी परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर माझी मेहुणी. लग्नात मी उजव्या पायाऐवजी डावा पाय आधी टाकला हे जिला अजून आठवतं ती.

येऊ दे. मी घाबरत नाही. मावशी कपाटावरून बोट फिरवून बघणारी बाई आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून काल रविवारी भिंगरी मैत्रिणीकडे गेली होती तेव्हा मी घर साफ करायला काढलं. पंखे पुसले. खिडक्या पुसल्या. आणि टाकी अशी लख्ख केली की काच आहे की नाही तेच कळू नये.

टाकीत पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो आणि त्याला गाळणीचा स्पंज असतो. तो काढला तर काय सांगू, काळाकुट्ट, बुळबुळीत. हाताला लागला तर साबणाने जाईना. असली घाण माझ्या नातीच्या खोलीत. दुकानदाराने मला सांगितलं होतं की स्पंजाला फार हात लावू नका, महिन्यातून एकदा टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळा, बस. तो दाढीवाला पोरगा काल जन्मलेला. मी मूठभर ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली, स्पंज त्यात दोन तास बुडवला, टाकीच्या तळाचे खडेसुद्धा त्यात खळबळले, मग नऊ वेळा स्वच्छ धुतले, वास जाईपर्यंत. स्पंज पांढराशुभ्र झाला. आमच्या कामावर असं काम बघितलं असतं तर साहेबाने पाठ थोपटली असती.

भिंगरी आल्यावर म्हणाली, टाकी नवी घेतली का. मी म्हटलं, नाही, जुनीच, फक्त आता तुझ्या मावशीआजीला दाखवण्यासारखी झाली.

तिला मावशीच्या येण्याचं मी सांगितलं आहे. कशासाठी येणार तेही. लपवून काय करायचं. ती म्हणाली, मावशीआजीकडे टाकी नेता येईल का. मी म्हटलं, भरलेली टाकी गाडीत नेता येत नाही. मग ती म्हणाली, मग मला पण नेता येत नाही.

हे तुझ्या कानावर असू दे.

बाबा


२७ जुलै, शनिवार

चि. लेकीस,

इकडे सर्व ठीक. भिंगरीच्या वहीला चांगला शेरा मिळाला. जिन्यातला दिवा घरमालकाने एकदाचा बदलला. माझं गुडघ्याचं तेल संपलं होतं, आणलं.

पाचही मासे मजेत आहेत. घरमालकाच्या शेपटीची खाचसुद्धा भरून आली, आता पूर्ण शेपटी झाली आहे. मासे असे आपोआप बरे होतात, हाही त्यांचा एक गुण म्हणायला हवा. कुत्र्याला डॉक्टर लागतो.

मावशीला कळव की यायचं तर खुशाल ये.

फोनवर भिंगरीशी बोलशील तेव्हा माशांबद्दल फार विचारू नकोस. अभ्यासाबद्दल विचार.

बाबा


३१ जुलै, बुधवार

चि. लेकीस,

शनिवारचं पत्र मिळालं असेल तर ते फाडून टाक. त्यातला तेलाचा आणि दिव्याचा मजकूर खरा होता. बाकीचं खोटं.

गुरुवारी भिंगरी शाळेत गेल्यावर मी टाकीजवळ गेलो तर घरमालक, वर्गबाई, कंपाउंडर आणि तो बिननावाचा, चौघे वर तरंगत होते. बारकी तेवढी खाली खड्यांजवळ धापा टाकत होती. मी खुर्चीत बसलो. मेलेल्या माशांचं मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, पत्रात एक खोटं पुरे. मला मावशीकडे सोय करण्याची तुझी चौथी ओळ दिसत होती, आणि मावशीचं बोट.

मग मी काय केलं ते ऐक. माशांना वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आपल्या दुकानात गेलो नाही, कारण दाढीवाला विचारणार. दोन रस्ते पलीकडे दुसरं दुकान आहे, तिथून तसेच चार नारिंगी मासे आणले, टाकीत सोडले आणि भिंगरी यायच्या आत हात धुऊन बसलो. शेपटीला खाच असलेला मासा मात्र मिळाला नाही. मी मागितला होता. तिथल्या दुकानदारीणबाईने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

भिंगरीने संध्याकाळी टाकीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. शुक्रवारी दिवा लावला, दाणे टाकले. पलीकडे बसली नाही. शनिवारी दुपारी मी तुला ते पत्र टाकून आलो आणि तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला नीट वाचता यावं म्हणून हळूहळू बोलली.

"आजोबा, हा घरमालक नाही."

मी म्हटलं, तोच आहे, शेपटी भरून आली.

"ती वर्गबाई पण नाही. तो कंपाउंडर पण नाही. हे कोणीच ते नाहीत." मग म्हणाली, "जुने कुठे ठेवलेत?"

तिने मेले का असं विचारलं नाही. तुम्ही खोटं का बोललात असं विचारलं नाही. कुठे ठेवलेत, एवढंच. खाली बागेत पुरले असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते बोललो असतो तर तिने जागा दाखव म्हटलं असतं, आणि मी कुठली तरी माती दाखवली असती. म्हणून खरं सांगितलं. कचऱ्याच्या गाडीत. ती तिथेच खाली बसून रडली. मला रडणं ऐकू येत नाही, ते बरं नाही, कारण मग नुसतं दिसत राहतं.

आता तुझ्या सशाचं बोलतो. तू बोलत नाहीस म्हणून मीच बोलतो. तुझा ससा पळून गेला नव्हता. तो सकाळी पेटीत मेलेला सापडला आणि मी तुला सांगितलं की दार उघडं राहिलं, पळाला. तू दोन महिने रोज संध्याकाळी गाजर घेऊन पंपहाउसच्या मागच्या कुंपणाशी जाऊन बसायचीस. मी पाळीवरून येताना तुला बघायचो आणि दुसऱ्या रस्त्याने घरी जायचो. पुढे आईने तुला सांगितलं तेव्हा तू वीस वर्षांची होतीस, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक शब्दाला तू दोनदा हलवून बघतेस. तुझा माशांवर राग नव्हताच, हे मला पहिल्या पत्रालाच कळलं होतं. म्हणून उत्तराला तीन आठवडे लागले.

रविवारी सकाळी नव्या चारांतले दोन वर आले. या वेळी मी हात लावला नाही, भिंगरीला हाक मारली. दोघांनी मिळून ते खाली कुंडीत पुरले. नंतर तुझा फोन आला. मी समोर बसून तिचे ओठ बघत होतो. अभ्यास, डबा, पाऊस, मैत्रीण. माशांचं एक अक्षर नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दुसरीत आहे. म्हणाली, "ते तुम्ही सांगायचं."

म्हणून हे पत्र.

सोमवारी आम्ही दाढीवाल्याकडे गेलो. मी मागे राहिलो, बोलली ती. सगळं ऐकून त्याने माझ्याकडे तोंड करून विचारलं, "काका, स्पंज कशाने धुतलात?" मी सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला नाही, लावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पाटीसारखा एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहून मला समजावलं. तो काळा बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हती. ते डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशाच्या विष्ठेचं विष तेच खातात. मी त्यांना मारलं, विष साठत गेलं, मासे गेले. वर लगेच नवे मासे सोडले, तेही त्याच पाण्यात.

चौतीस वर्षं मी पाण्यातले न दिसणारे जीव मारायचा पगार घेतला. लोक आजारी पडू नयेत म्हणून मारले आणि ते चांगलंच काम होतं, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पण पाण्यात राखायचेही जीव असतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर एका दाढीवाल्याने पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. पाण्याचं मला शिकवू नकोस असं मी तुला लिहिलं होतं. ते वाक्य तेवढं मागे घेतो.

त्याने आपल्या मोठ्या टाकीतला जुना स्पंज काढला, चांगला काळाकुट्ट, आणि कात्रीने त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून पाण्याच्या पिशवीत घालून दिला. हा तुमच्या स्पंजाला लावून ठेवा म्हणाला, यातून नवे जीव वाढतील. रोज थोडं थोडं पाणी बदला, दाणे निम्मे करा, महिनाभर एकही मासा आणू नका. भिंगरीने ती पिशवी दोन्ही हातांत धरून घरापर्यंत आणली. बसमध्ये एका बाईने विचारलं, यात मासा कुठे आहे. भिंगरी म्हणाली, मासा नाही, घाण आहे. बाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आता टाकीत तीन मासे आहेत. बारकी आणि नव्यांतले दोन. पाणी थोडं गढूळ आहे. काचेवर भिंगरीने कागद चिकटवला आहे: आजोबांनी स्पंजाला हात लावू नये. मी लावत नाही. रोज शाळेतून आली की ती मगाने पाणी काढते, मी बादली धरतो. तिने सांगितलं की ओततो, थांब म्हटलं की थांबतो. नव्या दोघांना अजून नाव दिलेलं नाही. म्हणते, महिनाभर राहिले तर देईन.

टाकीच्या पलीकडे ती काल परत बसली.

मावशीपासून हे लपवायचा माझा विचार होता, हेही सांगून टाकतो. भिंगरीला विचारलं, कागद काढायचा का तेवढ्यापुरता. ती म्हणाली, "नको. सांगा त्यांना. नाहीतर त्यांना वाटेल टाकी वाईट आहे. टाकी वाईट नाही, तुम्ही धुतलीत."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. मासे मेले. माझ्या हाताने मेले. मी तिला काय सांगितलं, तर आधी खोटं आणि दोन दिवसांनी खरं. तुझ्या वेळेला बारा वर्षं लागली होती, आणि तेव्हाही मी सांगितलं नव्हतं. माझी गाडी हळू आहे पण बंद पडलेली नाही.

आणि मासा लहान मुलीला चांगला की वाईट, हेही सांगतो. आपोआप चालणारी शोभेची वस्तू म्हणून घेतला तर वाईट. एकट्या मुलीवर टाकला तर वाईट, एकट्या म्हाताऱ्यावर टाकला तर त्याहून वाईट. पण ज्या घरात दोघांना रोज एका बादलीला धरावं लागतं त्या घरात चांगला. कुत्रा असता तर माझी चूक माफ करून पाय चाटत बसला असता. मासा माफ करत नाही. त्यामुळे ते काम भिंगरीला करावं लागलं, आणि आठ वर्षांची असून तिने ते केलं. तू हे तिच्याकडून शिक असं मी म्हणणार नाही. म्हणजे म्हणालोच, पण खोडत नाही.

मी चार मासे मारले, नंतर दोन, आणि तुला एक खोटं पत्र लिहिलं. एवढं सगळं कबूल करूनसुद्धा माझं म्हणणं तेच आहे. टाकी इथेच राहील. भिंगरी इथेच राहील. मावशी अकरा तारखेला आली तर मी दार उघडीन, चांगली खुर्ची देईन, गढूळ पाणी दाखवीन, कागद वाचून दाखवीन. मुलीची पिशवी मात्र भरणार नाही. ती हात धरून न्यायला लागली तर मी काय करीन मला माहीत नाही. ओरडीन बहुतेक. मला स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज बराच मोठा असतो, खालच्या मजल्यापर्यंत जातो.

पण मावशीचं काही नाही, ठरवायचं तुला आहे. फोनवर मला कळणार नाही आणि भिंगरीच्या तोंडून तुझा निर्णय मला वाचायचा नाही, म्हणून लिहून पाठव. मोठं पत्र नको. "राहू दे" एवढे दोन शब्द चालतील. "पाठवा" असं लिहिलंस तर मी पुन्हा लिहीन, आणि तुझं मन बदलेपर्यंत रोज लिहीन. मला आता दुसरं काम नाही, स्पंजही काढून घेतला आहे. अकरा तारखेला फार दिवस उरले नाहीत. रोज दुपारी पोस्टमन जिना चढतो ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी दारातच खुर्ची टाकून बसतो. लवकर लिही गं.

तुझा,
बाबा